अपघातात चूक किती टक्के? एका आकड्यावर ठरतं घराचं गणित, अपिलात तो आकडा बदलूही शकतो

सोलापूर : गळीत हंगाम सुरू झाला की माळशिरस, पंढरपूर, माढा, करमाळा, मोहोळ या तालुक्यांतल्या रस्त्यांचं रूप बदलतं. रात्री उसाने शिगोशिग भरलेल्या डबल ट्रॉल्या कारखान्याकडे निघतात. समोरून ट्रॅक्टरचे दिवे दिसतात, गाण्याचा आवाज लांबून येतो, पण मागून बघाल तर नुसता अंधार. लाल दिवा नाही, रेडियमची पट्टी असलीच तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेली. टायर फुटला की ट्रॉली आहे तिथेच, डांबरावरच उभी राहते. चालक पान्हा आणायला जातो आणि मागून येणारा दुचाकीवाला थेट मोळ्यांवर जाऊन आदळतो.

पुढे पोलीस येतात, पंचनामा होतो, दवाखाना होतो, कधी दहावा-तेरावा होतो. वर्षभराने, दोन वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात (ज्याला सगळे 'एमॅक्ट' म्हणतात) प्रश्न येतो तो असा : चूक कुणाची आणि किती टक्के? मयत माणूस सांगायला नसतो. ट्रॅक्टरवाला म्हणतो, तोच जोरात आला. विमा कंपनीच्या लेखी जबाबात हे वाक्य हटकून असतं. आणि निकालात एक ओळ येते, "मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा पन्नास टक्के." झालं, भरपाई निम्मी.

घरच्यांचं लक्ष सगळं शेवटच्या रकमेवर. ही टक्क्याची ओळ वाचायची राहून जाते. वकील सांगतात, अपील करता येईल. पण अपिलात नेमकं काय बघतात, टक्का खरंच बदलतो का, कधी बदलत नाही, हे गावात फार थोड्यांना माहीत असतं. सोलापूरसह सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाल्यामुळे हा प्रश्न आता जवळ आलेला आहे. आधी त्यासाठी चारशे किलोमीटरवर मुंबई गाठावी लागायची.

टक्क्याची किंमत किती

आधी हिशोब बघू. समजा, ३४ वर्षांचा माणूस गेला. शेतीबरोबर जोडधंदा, महिन्याला १५ हजारांची कमाई कोर्टाने धरली. मागे बायको, दोन मुलं आणि आई, म्हणजे चौघं अवलंबून.

सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०१७ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीने हिशोब असा होतो. स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवायचे : २१ हजार. तो स्वतःवर जो खर्च करायचा तो वजा, चार ते सहा माणसं अवलंबून असतील तर एक चतुर्थांश : उरले १५ हजार ७५०. वर्षाचे झाले १ लाख ८९ हजार. ३१ ते ३५ या वयाला १६ चा गुणक. एकूण ३० लाख २४ हजार. शिवाय अंत्यविधी वगैरेच्या ठरावीक रकमा वेगळ्या.

आता यात मयताची चूक १० टक्के धरली तर ३ लाख २ हजार गेले. २५ टक्के धरली तर साडेसात लाखांच्या वर गेले. ५० टक्के धरली तर १५ लाख १२ हजार गेले. उत्पन्न १५ हजार धरायचं की १८ हजार यावर कोर्टात तासन् तास वाद होतो, तो व्हायलाच पाहिजे. पण टक्क्याची ओळ त्याहून जास्त खाऊन जाते, आणि ती बऱ्याचदा दोन-तीन वाक्यांत उरकलेली असते.

ट्रॅक्टर मालकासाठीही हा टक्का तेवढाच जड. विमा नसेल किंवा कंपनीने पॉलिसीच्या अटी मोडल्याचं सिद्ध करून हात वर केले, तर भरपाईचा बोजा मालकावर येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे ती रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. म्हणजे गोष्ट सातबाऱ्यापर्यंत जाते. म्हणून हा विषय एकट्या मयताच्या घरचा नाही. ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्याचाही आहे.

एकच अपघात, तीन कोर्टं, तीन वाटण्या

टक्का दगडावरची रेघ नसतो, हे दाखवणारं चांगलं उदाहरण तामिळनाडूतलं आहे. ७ जानेवारी २०१७ रोजी कोइमतूरमध्ये इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता. पुढच्या कारने हायवेवर अचानक ब्रेक मारला. मोटारसायकल कारवर आदळली, पोरगा रस्त्यावर पडला आणि मागून येणारी बस त्याच्या अंगावरून गेली. त्याचा एक पाय कापावा लागला. कारचालकाचं म्हणणं होतं, गरोदर बायकोला उलटीसारखं होत होतं म्हणून गाडी थांबवली.

न्यायाधिकरणाने कारचालकाला मोकळं सोडलं. बसवर ८० टक्के आणि पोरावर २० टक्के चूक टाकली. मद्रास हायकोर्टाने अपिलात वाटणी बदलली : कार ४० टक्के, बस ३० टक्के, पोरगा ३० टक्के. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २९ जुलै २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने पुन्हा वाटणी केली : कार ५० टक्के, बस ३० टक्के, पोरगा २० टक्के.

कारण काय दिलं, ते समजून घेण्यासारखं आहे. अपघाताचं मूळ हायवेच्या मधोमध अचानक ब्रेक लागण्यात आहे, असं कोर्ट म्हणालं. अडचण कितीही खरी असली तरी मागच्यांना इशारा न देता हायवेवर गाडी थांबवता येत नाही. पोराचीही चूक धरली : पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवलं नाही, आणि वैध लायसन नव्हतं. म्हणून २० टक्के.

पैशात बघा. न्यायाधिकरणाच्या निकालाने हातात येणार होते ७३ लाख २९ हजार. हायकोर्टाने एकूण रक्कमही कमी केली आणि टक्काही वाढवला, त्यामुळे उरले ५८ लाख ५३ हजार. सुप्रीम कोर्टाने एकूण भरपाई १ कोटी १४ लाख २४ हजारांवर नेली आणि २० टक्के वजा जाता ९१ लाख ३९ हजार देण्याचा आदेश दिला. फक्त टक्क्याचा परिणाम वेगळा काढला, तर या शेवटच्या रकमेवर २० ऐवजी ३० टक्के कापले असते तर ११ लाख ४२ हजार कमी मिळाले असते.

याच प्रकरणात दुसरी बाजूही दिसते. अपील केल्याने रक्कम वाढते असं नाही. मधल्या पायरीवर ती तब्बल पावणेपंधरा लाखांनी घटली होती.

उभ्या वाहनावर आदळलं तर चूक कुणाची?

आपल्या भागाचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच. चावडीवर सर्रास म्हटलं जातं, "मागून ठोकलं ना, मग चूक ठोकणाऱ्याचीच." कोर्ट एवढ्या सरधोपटपणे बघत नाही.

हरियाणाकडच्या एका प्रकरणात डिसेंबर २०११ मध्ये रात्री रस्त्यावर टँकर उभा होता. इंडिकेटर नाही, पार्किंग लाइट नाही. मारुती गाडी त्यावर आदळली. न्यायाधिकरणाने साक्षीदाराचं ऐकून सगळी चूक टँकरवाल्याची धरली. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने अपिलात ती फिरवली आणि गाडीच्या चालकावर ५० टक्के टाकली, कारण एवढं मोठं वाहन लांबून दिसायला पाहिजे होतं. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हायकोर्टाचा निकाल रद्द करून न्यायाधिकरणाचाच कायम केला. साक्षीदाराने शपथेवर सांगितलेलं होतं, उलटतपासात ते मोडलं नव्हतं. ते बाजूला ठेवून नकाशावरून अंदाज बांधणं बरोबर नाही, असा त्याचा अर्थ.

दुसरं प्रकरण कर्नाटकातून सुप्रीम कोर्टात गेलं, निकाल सप्टेंबर २०२४ चा. चौदा चाकी ट्रेलर हायवेवर कसलीही खूण न लावता सोडून दिलेला होता. कार त्यावर धडकली, माणसं गेली. खालच्या दोन्ही कोर्टांनी कारचालकाची ५० टक्के चूक धरून भरपाई निम्मी केली होती. सुप्रीम कोर्टाने ती वजावट काढून टाकली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे रस्त्यावर दुसऱ्यांना धोका होईल अशा तऱ्हेने वाहन उभं करता येत नाही. बंद पडलेल्या वाहनाभोवती इशारा देण्याची जबाबदारी वाहनवाल्याची आहे. आणखी महत्त्वाचं म्हणजे कारचालकाची चूक असली तरी ती मागे बसलेल्या प्रवाशांच्या वारसांच्या भरपाईतून कापता येत नाही, हेही कोर्टाने सांगितलं.

पण याचा अर्थ मागचा माणूस नेहमी सुटतो असं समजू नका. एप्रिल २०१८ मध्येच सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका प्रकरणात उलट निकाल दिला. तिथे ट्रक उभा नव्हता, पुढे चालत होता, आणि मागची मारुती त्याच्या अगदी जवळून जात होती. ट्रकने ब्रेक मारला, गाडी आदळली. पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवण्याचा नियम गाडीच्या चालकाने पाळला नव्हता. त्यामुळे ट्रकचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही. कोइमतूरच्या पोराला २० टक्के लागले त्यातही अंतराचा भाग होताच.

म्हणजे पुढचं वाहन उभं होतं का चालतं, दिवे होते का नव्हते, रस्त्याच्या कडेला होतं का मधे, रात्र होती का दिवस, मागच्याने किती अंतर ठेवलं होतं, यावर टक्का ठरतो. ट्रॉली कारखान्याच्या रांगेत कडेला लावलेली होती की चढावर डांबरावर सोडलेली होती, या दोन गोष्टींत लाखोंचा फरक आहे.

लायसन नव्हतं, तिघं बसले होते

विमा कंपनीची आणखी दोन हमखास कारणं : लायसन नव्हतं, आणि दुचाकीवर तिघं होते. गावाकडे दोन्ही गोष्टी घडतात, नाकारून उपयोग नाही.

लायसनबद्दल सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये एका अल्पवयीन दुचाकीस्वाराच्या प्रकरणात फरक स्पष्ट केला. विनापरवाना वाहन चालवणं हा गुन्हा आहे, त्याची शिक्षा वेगळी. पण तेवढ्यावरून अपघात त्याच्या चुकीने झाला असं म्हणता येत नाही. अपघात कसा झाला ते बघावं लागतं.

ट्रिपल सीटबद्दल जानेवारी २०२० चा निकाल आहे. दिल्लीत मोटारसायकलवर तिघं चालले होते, मागून कारने उडवलं. दिल्ली हायकोर्टाने तिघं बसल्याबद्दल १० टक्के कापले. सुप्रीम कोर्टाने ती कपात रद्द केली. तिघं बसणं नियमाविरुद्ध आहेच. पण तिघं बसल्यामुळे अपघात झाला, किंवा त्यामुळे मार जास्त लागला, असा संबंध दाखवला पाहिजे. मागून येऊन कार धडकली, तिथे दोघं असते तरी धडकलीच असती.

नियम मोडणं आणि अपघाताला कारण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टक्का दुसऱ्या गोष्टीवर ठरतो. पण तिसऱ्या माणसामुळे गाडी डगमगली, हँडल वळलं नाही, असा पुरावा समोर आला तर कपात होऊ शकते. हे पोराबाळांना सांगायला हवं. कोर्टाच्या निकालाला ट्रिपल सीटची परवानगी समजायचं कारण नाही.

मागे बसलेल्याचा मुद्दा वेगळा लक्षात ठेवावा. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली, त्याची स्वतःची चूक काहीच नसेल, तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकतो. सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१५ मध्ये हे ठरवून दिलेलं आहे. त्या दोघांनी आपापसात वाटणी नंतर बघायची. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाईच्या भरपाईतून नवऱ्याची चूक कापलेली दिसली, तर तो अपिलाचा सरळ मुद्दा होतो.

हायकोर्ट नेमकं काय तपासतं

न्यायाधिकरणाच्या निकालावर कलम १७३ खाली हायकोर्टात जे अपील होतं ते पहिलं अपील असतं. कायद्याचा मोठा प्रश्न निघाला तरच ऐकू, अशी दुसऱ्या अपिलातली अट इथे नाही. उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं की, असं अपील दिवाणी दाव्याच्या पहिल्या अपिलासारखंच आहे. हायकोर्टाने घटनेचे आणि कायद्याचे दोन्ही मुद्दे तपासायचे आणि कारणं देऊन निकाल द्यायचा. चार ओळींत अपील निकाली काढणं चालत नाही.

म्हणजे साक्षी, पंचनामा, नकाशा, एफआयआर, दवाखान्याचे कागद हे सगळं पुन्हा वाचलं जाऊ शकतं. तरीही हायकोर्ट टक्का उगाच हलवत नाही. साक्षीदार न्यायाधिकरणासमोर उभा राहिलेला असतो, हायकोर्टापुढे फक्त कागद असतो. म्हणून खालच्या कोर्टाने पुराव्याला धरून, कारणं देऊन टक्का ठरवला असेल, तर "आम्हाला पाच टक्के कमी वाटतात" एवढ्यावर तो बदलत नाही. बदलतो तो अशा ठिकाणी : साक्षीदाराचं म्हणणं कारण न देता टाळलं, पुरावा नसताना चूक गृहीत धरली, प्रवाशाला चालकाची चूक लावली, नियमभंग आणि अपघात यांचा संबंधच दाखवला नाही.

अशा दाव्यात पुरावा फौजदारी खटल्यासारखा निःसंशय लागत नाही. जास्त शक्यता कुठल्या बाजूला आहे ते बघतात. पण जी बाजू म्हणते की मयताचीही चूक होती, तिनेच ती सिद्ध करायची असते. नुसतं लेखी जबाबात लिहून भागत नाही. ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा चालक हा स्वतः डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार. त्यालाच साक्षीला उभं केलं नसेल, तर तोही मुद्दा अपिलात मांडता येतो.

पंचनाम्याबद्दलही गैरसमज आहे. पंचनाम्यात वाहन रस्त्याच्या उजव्या बाजूला पडलेलं दिसलं म्हणजे चूक त्याचीच, असं लगेच धरतात. केरळमधल्या कार आणि बसच्या समोरासमोर धडकेत मयत कारचालकावर २५ टक्के टाकले होते. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ते काढले. धडकेनंतर वाहनं कुठे जाऊन थांबली एवढ्यावरून धडकेआधी कोण कसं चालवत होतं हे सिद्ध होत नाही, असं कोर्ट म्हणालं. मात्र दुसरा काहीच पुरावा नसेल तेव्हा हाच पंचनामा सगळ्यांच्या हातात उरतो. त्यात "ट्रॉलीला मागे दिवा व रिफ्लेक्टर नव्हता" हे वाक्य नसेल, तर दहा वर्षांनी हायकोर्टात ते कुठून आणणार? अपिलात नवा पुरावा देणं फार अवघड असतं. त्यामुळे टक्क्याची पहिली लढाई अपघाताच्या रात्री रस्त्यावरच होते.

मुदत, पैसे आणि लोक अदालत

अपिलाच्या काही व्यवहारी गोष्टी घरात माहीत असाव्यात.

अपिलाची मुदत निकालापासून ९० दिवस. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण ती मिळेलच असं नाही. वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील होत नाही. ही मर्यादा आधी दहा हजारांची होती, २०१९ च्या दुरुस्तीने वाढली.

भरपाई द्यायची आहे त्याने अपील केलं, तर आधी २५ हजार किंवा निकालाच्या रकमेच्या निम्मे, यातली कमी असेल ती रक्कम भरावी लागते. ज्याला रक्कम वाढवून मागायची त्याला ही अट नाही. कंपनीने निकालाला स्थगिती मागितली तर कोर्ट बहुतेक वेळा पूर्ण रक्कम जमा करायला सांगतं, आणि त्यातली काही रक्कम वारसांना काढू देतं. त्यासाठी अर्ज करावा लागतो. तो न केल्याने पैसे कोर्टात पडून आणि घरात सावकाराचं व्याज चालू, असं होऊ देऊ नये.

कंपनीच्या अपिलाची नोटीस दारात आली तर ती कपाटात ठेवू नये. नोटीस मिळाल्यापासून एक महिन्यात उलट आक्षेप दाखल करता येतो, म्हणजे कंपनी रक्कम कमी करायला गेली असेल तर तिथेच टक्का कमी करून रक्कम वाढवून मागता येते. उलट आक्षेप नसेल तर वाढ द्यावी का, याबद्दल सुप्रीम कोर्टाचे निकाल दोन्ही प्रकारचे आहेत : २०११ मध्ये वाढ देता येत नाही असं म्हटलं, २०२० मध्ये योग्य भरपाई देणं महत्त्वाचं मानलं. त्यात अडकण्यापेक्षा महिन्यात कागद दाखल करणं बरं.

लोक अदालतीचा मुद्दा सगळ्यात नाजूक. तडजोड वाईट नाही. पैसे लवकर मिळतात, हेलपाटे वाचतात, मुलांच्या शाळेचं बघता येतं. पण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून सही करण्याआधी वकिलाला दोनच प्रश्न विचारावेत : पूर्ण हिशोब किती होतो, आणि त्यातून आमची चूक म्हणून किती टक्के धरून ही रक्कम काढली? उत्तर ऐकून मग घरात विचार करावा.

बाईमाणसाला वकिलाची फी परवडत नसेल तर मोफत विधी सेवा मिळते, त्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टातच असतं.

दाव्याच्या मुदतीचंही सांगितलं पाहिजे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या तरतुदीला कोर्टात आव्हान दिलं गेलेलं आहे, पण घरच्यांनी सहा महिने धरूनच चालावं. वर्षश्राद्ध होऊ दे मग बघू, हे आता महागात पडू शकतं.

पोलिसांच्या कागदावर बरंच काही

२०२२ च्या नियमांनी पोलिसांवर काही कामं टाकलेली आहेत. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे. तपास अधिकाऱ्याने जागेवर जाऊन फोटो काढायचे, रस्त्याची रुंदी आणि वाहनांची जागा दाखवणारा नकाशा मोजमापाने काढायचा. हे नीट झालं तर टक्क्याचा वाद निम्मा तिथेच मिटेल.

पण रात्री दोन वाजता, वाहतूक खोळंबलेली, जेसीबीने ट्रॉली बाजूला ओढायची घाई, अशा वेळी कागद कसा होतो हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कारखान्याचा ऊस थांबायला नको म्हणून ट्रॉली आधी हलते, पंचनामा मागून होतो. म्हणून जखमीला दवाखान्यात पाठवल्यावर गावच्या लोकांनी मोबाईलवर चार फोटो काढून ठेवावेत : वाहनाची मागची बाजू दिव्यांसकट, वाहन डांबरावर होतं की साइडपट्टीवर ते दाखवणारा एक, टायरच्या खुणा, आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडासह रस्ता. ज्याने डोळ्याने बघितलं त्याने पोलिसांना नाव द्यावं. "कोर्टाची पायरी नको" म्हणून बघणारा मागे सरला की मयताच्या बाजूने बोलणारं कुणीच उरत नाही.

ट्रॅक्टर मालकाने करायचं काम तर शंभर-दोनशे रुपयांचं आहे. मागे रेडियमची पट्टी, ती उसाखाली झाकणार नाही अशा जागी. ट्रॉलीचा मागचा दिवा चालू. बंद पडली तर मागे थोड्या अंतरावर इशाऱ्याची खूण आणि एक माणूस बॅटरी घेऊन उभा. विमा ट्रॅक्टरचा आहे का, ट्रॉलीचाही आहे का, भाड्याने ऊस वाहतूक त्यात बसते का, हे हंगामाआधी एजंटाकडून लेखी घ्यावं. हंगामात चार पैसे मिळतात, पण विमा नसताना पन्नास टक्के चूक अंगावर आली तर जमीन विकून भागत नाही.

कोर्टांकडूनही एक अपेक्षा राहते. टक्का ठरवायला गणिताचं सूत्र नाही, हे मान्य. शेवटी तो न्यायाधीशाच्या विवेकाचा भाग. पण पन्नास टक्के का, चाळीस का नाहीत, हे निकालात दोन ओळी जास्त लिहून सांगितलं, तर हरणाऱ्यालाही समजतं आणि वरच्या कोर्टालाही तपासता येतं. वरच्या प्रकरणांत जिथे जिथे टक्का बदलला, तिथे बहुतेकदा कारणच कच्चं होतं.

कोल्हापूरचं बेंच जवळ आलं, एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पण तिथे पोहोचणारा कागद इथल्याच रस्त्यावर, इथल्याच ठाण्यात तयार होतो. निकालाची नक्कल हातात आली की शेवटच्या पानावरची रक्कम वाचण्याआधी मधली पानं उलटून "निष्काळजीपणा" हा शब्द शोधावा. त्यापुढे किती टक्के लिहिलंय आणि का लिहिलंय, ते वकिलाकडून समजून घ्यावं. नव्वद दिवस निकालाच्या तारखेपासून मोजायचे असतात.